जुनी स्टँडर्ड २० आहे? आर्वीच्या मिस्त्रीभाऊंकडे न्या

आमच्या जिनिंगवर पडून असलेली स्टँडर्ड २० व्हॅन वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या एका छोट्या गॅरेजात नीट करून घेतली. काम पाहून मन भरलं, म्हणून लिहितो.

ही गाडी मद्रासला बनायची, पण मूळची इंग्लंडातल्या कॉव्हेन्ट्रीच्या कंपनीची, १९५८ ची स्टँडर्ड ॲटलस. तिकडे सुरुवातीला फक्त ९४८ सीसीचं इंजिन होतं, एवढ्या मोठ्या डब्याला!

मिस्त्रीभाऊंची खरी परीक्षा नटबोल्टांवर झाली. या गाडीचे बोल्ट इंची मापाचे. अर्ध्या इंचाचं डोकं १२.७ मिलिमीटरचं, तिथं १३ नंबरचा पाना बसतो खरा, पण गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की सटकतो आणि कोपरे गोल होतात. भाऊंनी इंची पान्यांचा वेगळा डबा काढला, आदल्या दिवशीच सगळीकडे तेल सोडून ठेवलं आणि बोल्ट एकेक करून सोडवले. दाराखालचा सडलेला पत्रा त्यांनी पुट्टीनं लपवला नाही. कापला, नवा ठोकून वेल्ड केला, आतून गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारलं. हे आजकाल कोण करतं बाप्पा?

रेडिएटरही उघडून साफ केला. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याशिवाय गाडी चालणारच नाही.

रंगकाम मात्र फार रेंगाळतं. शेड उघडी आहे, पावसाळ्यात गाडी देऊ नका. ब्रेकचं सामान तुम्हालाच नागपुरात शोधावं लागेल, जुना नग सोबत न्या. मजुरी वाजवी, आणि प्रत्येक बदललेला तुकडा परत हातात देतात.