चर्चिलची थंडी आणि १५०-६०० ची लेन्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लांबचे प्राणी जवळ आणणारी ही १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स मी गेल्या जूनअखेर कॅनडातल्या विनिपेगमध्ये सेकंडहँड घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ती घेऊन चर्चिलच्या गाडीत बसले. चर्चिलला रस्ता जात नाही. विमानाने जा, नाहीतर दोन रात्री रेल्वेत काढा. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर, आणि शेवटच्या टप्प्यात रुळांखालच्या गोठलेल्या जमिनीचा भरवसा नसल्यामुळे गाडी बैलगाडीच्या चालीने जाते. हडसन उपसागराच्या काठावरचं हे गाव २०२१ च्या जनगणनेत ८७० माणसांचं होतं. इथे मी पाहुण्यांना प्राणी दाखवते. जुलै-ऑगस्टमध्ये बेलुगा देवमासे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पांढरी अस्वलं, फेब्रुवारी-मार्चमध्ये नॉर्दर्न लाइट्स. स्वतःचे फोटो काढायचे ते त्यातून वेळ उरला तर.

ताडोबाच्या दिवसांतले ओळखीचे लोक सारखं विचारतात, "तिकडे यायचंय, कुठली लेन्स आणू?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि बाकीचं त्या वर्गातल्या बहुतेक लेन्सना लागू पडेल. वजन दोन किलोच्या आसपास, झूम केलं की नळी पुढे येते, ६०० ला एफ ६.३, म्हणजे उजेड कमीच आत घेते.

बेलुगांसाठी ती आणली नसती तरी चाललं असतं. हे देवमासे नदीच्या मुखाशी हजारोंनी येतात आणि रबरी होडीला इतके खेटून पोहतात की १५० सुद्धा जास्त होतं. शिवाय खारं पाणी उडतं. दोन फेऱ्यांनंतर ती खोलीतच ठेवली.

खरी परीक्षा अस्वलांच्या दिवसांत झाली. उपसागराचा बर्फ जुलैत वितळला की अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि पुन्हा गोठेपर्यंत जवळपास उपाशीच राहतात. त्यामुळे आपण त्यांच्या मागे लागायचं नाही. बग्गी, म्हणजे उंच चाकांची बससारखी गाडी, उभी करायची आणि वाट बघायची. बऱ्याचदा अस्वल दीडदोनशे मीटरवर विलोच्या झुडपात मुटकुळं करून झोपलेलं असतं. तेव्हा मी ६०० ला एक फोटो काढते, मागच्या पडद्यावर मोठा करते आणि बग्गीभर फिरवते. कान दिसला की पाहुणे खूश. मग हमखास प्रश्न येतो, अशी किती उरलीत? पश्चिम हडसन उपसागराच्या विमानातून केलेल्या मोजणीचा अंदाज २०१६ मध्ये ८४२ होता, २०२१ मध्ये ६१८. हे सांगितलं की जरा वेळ कुणाचाच कॅमेरा वाजत नाही.

आता मुद्द्याचं. लेन्स थंडीने बिघडेल ही माझी भीती होती. उणे तिशीत फोकसचं कडं जरा जड झालं, एवढंच. फोटो घालवले ते उबेने.

ऑक्टोबरमध्ये पहिल्याच आठवड्यात बाहेरून आले, बॅग स्वयंपाकघरात ठेवली, चहा टाकला आणि आज काय मिळालं बघू म्हणून कॅमेरा बाहेर काढला. उकळत्या भातावरचं झाकण उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला जसं पाणी असतं, तशी पुढची काच झाली. ती पुसली तर आतल्या काचेवरही धुकं. ते जायला दीड दिवस लागला आणि त्या दीड दिवसात दारात आई-पिल्लं आली असती तरी माझ्या हातात फोन होता. तेव्हापासून बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घेते, लेन्स जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करते आणि मग घरात आणते. तीन-चार तास पिशवी उघडायची नाही. कार्ड आधी काढायचं हे विसरलात तर संध्याकाळभर पिशवीकडे बघत बसाल.

दुसरा प्रकार लक्षात यायला जास्त दिवस गेले. नोव्हेंबरच्या सुरुवातीचे माझे फोटो सगळे मऊ. डोळ्यावर फोकस बसलेला, पण केस लोण्यासारखे. लेन्सलाच शिव्या घातल्या. मग एका जुन्या ड्रायव्हरने न बोलता हीटरकडे बोट दाखवलं. खिडकी उघडली की बग्गीतली गरम हवा बाहेर पळते, तीही नेमकी लेन्ससमोरून. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते, तेच इथे उणे पंधरात होतं. आता मी मागच्या उघड्या डेकवर उभी राहते, लेन्स अर्धा तास गार होऊ देते आणि लेन्सच्या तोंडावरचं हूड काढून ठेवते, कारण त्याच्या नळीतही उबदार हवा अडकते.

त्या डेकला खाली लोखंडी जाळी आहे. एका दुपारी एक मादी खालून आली आणि जाळीला नाक लावून आमचे बूट हुंगू लागली. माझ्या हातात १५०-६०० आणि अस्वल तळपायाखाली दोन हातांवर! फोकसच होईना. लेन्स बाजूला ठेवली. तिच्या श्वासाची वाफ जाळीतून वर येत होती. फोटो नाही त्याचा.

पायी फिरायचं असेल तेव्हा माझ्या खांद्यावर बंदूक असते आणि खिशात अस्वलाला पळवून लावायची आवाजी काडतुसं. त्या दिवशी ही लेन्स न्यायची नाही हा माझा नियम. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की बाकीचं जग बंद होतं.

तक्रार आता. झूमचं कुलूप डिसेंबरमध्ये सैल झालं. नळी खाली केली की आपोआप घसरायची, आणि तिच्यावरचा भुरभुरीत बर्फ आत ओढला जायचा. दुरुस्तीला पाठवली. सात आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. कुलूप होतं तसंच. आता त्यावर रुंद रबरबँड आहे आणि तो उत्तम काम करतो. नॉर्दर्न लाइट्सला ही लेन्स निरुपयोगी, पण वाऱ्याच्या रात्री बॅगेत घालून ट्रायपॉडखाली टांगली की ट्रायपॉड हलत नाही.

पुन्हा घेईन का? या किमतीत हो. फक्त नळी बाहेर न येणारी परवडत असेल तर ती घ्या, आणि मध्य-नोव्हेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो हे धरून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवायला लाजू नका.

हल्ली ती घरात येतच नाही. दाराजवळच्या बिनहीटरच्या पडवीत बुटांशेजारी असते. पडवीला कुलूप नाही. इथे अनेक जण दार उघडंच ठेवतात, रस्त्यात कुणासमोर अस्वल आलंच तर त्या माणसाला आत शिरता यावं म्हणून.