बीपीसाठी मसाजचं पॅकेज: चार महिने, नऊ सिटिंग आणि कार्डावरचे ते आकडे

जूनमध्ये १४,४०० भरून फोंड्यातल्या एका सेंटरमध्ये १२ सिटिंगचं अभ्यंगाचं पॅकेज घेतलं. बीपीची गोळी, ॲम्लोडिपिन ५, नुकतीच सुरू झालेली, घरी बीपी १४६/९० च्या आसपास, आणि बहीण म्हणाली मसाजनं उतरतं. चवथीच्या गडबडीत तीन सिटिंग राहिली, परवा गेले तर म्हणे व्हॅलिडिटी संपली. पैशाचं नंतर, आधी बीपीचं लिहिते.

पहिल्या दिवशीच सेंटरच्या कार्डावर मसाजआधी १५२/९४, नंतर १३४/८२. घरी येऊन ह्यांना कार्ड दाखवलं, बँकेत दोघींना जा म्हणून सांगितलं. पाच सिटिंग असंच.

सहाव्या वेळी लक्षात आलं. लिफ्ट नाही, दोन जिने चढून धापा टाकत पोचायचं, लगेच उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसवून, कुर्त्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, माझं बोलणं चालू असतानाच ‘आधीचं’ बीपी. आणि ‘नंतरचं’ पाऊण तास आडवं पडल्यावर, तिथेच टेबलावर, उघड्या दंडाला! आमच्या डॉक्टरनी घरी मोजायचं शिकवलंय ते असं: अर्धा तास आधी चहा नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, मिनिटभराने परत एकदा.

मग मी रविवारी घरीच करून बघितलं. बिल्डिंगचे दोन जिने चढून त्यांच्यासारखंच मोजलं, मग पंख्याखाली पाऊण तास नुसती पडून राहिले, तेल नाही काही नाही. १५० चं १३८! तीन रविवार केलं, दर वेळी १० ते १३ नी कमी. म्हणजे कार्डावरच्या १८ मधले बरेचसे नुसत्या आडवं पडण्याचे, हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा रागात मी सगळंच खोटं म्हणाले होते, ते मात्र मागे घेते. माझ्या वहीत मसाजच्या संध्याकाळी, नीट बसून मोजलेलं बीपी ६-८ नी कमी आहे आणि त्या रात्री झोप अखंड. सकाळी परत होतं तिथेच. डॉक्टर म्हणाले, अंग सैल पडतं, नाडी मंदावते, म्हणून तेवढ्यापुरतं उतरतं, गोळी सोडायची नाही. एकदा दुसऱ्या बाईने कोपराने इतकं दाबलं की मी दात आवळून पडले होते, त्या दिवशी नंतरचं १५८ आलं. आणि टेबलावरून झटकन उठू नका, गोळी चालू असेल तर खासच, मला एकदा चक्कर आली, काठावर दोन मिनिटं बसा.

सकाळचं बीपी खरं उतरलं ते सप्टेंबरात, पेजेबरोबरची चेपणीची तोरं (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) आणि खारे बांगडे बंद केल्यावर. तोपर्यंत गोळीही लागू पडली असेल. आता १३२-१३४.

मान आखडते, झोप लागत नाही, तर जरूर जा, तिथल्या नेहमीच्या मसाजवाल्या मुलीचा हात फार चांगला आहे, कोमट तिळेल तेल मानेवरून खांद्यापर्यंत असं उतरवते की दोन दिवस मान हलकी राहते. पण बीपीसाठी म्हणून सिटिंगला १२०० देऊ नका, आणि दिलेत तर आधी-नंतर दोन्ही वेळा बसूनच मोजायला लावा.

माझ्या राहिलेल्या तीन सिटिंगचे ३६०० सेंटरने अजून परत दिलेले नाहीत. पावतीवर व्हॅलिडिटीचा एक शब्दही नाही, सोमवारी पावती आणि वही दोन्ही घेऊन जाणार आहे.