प्रदर्शनासाठी ‘मुक्त’ आणि ‘बालू २’ वापरून पाहिले

आमच्या कॉलेजच्या डिझाइन प्रदर्शनाची पोस्टरं, पाट्या आणि वेबसाइट यंदा माझ्याकडे होती. पैसे छपाईतच संपणार हे दिसत होतं, म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे दोन फुकट फॉन्ट घेतले.

‘मुक्त’वर मी बेहद्द खूश आहे. २०० ते ८०० अशी सात वजनं (म्हणजे अक्षरांच्या बारीक ते ठळक जाड्या) मिळतात, त्यामुळे विद्यार्थ्याचं नाव, प्रकल्प, साहित्य अशी उतरंड एकाच फॉन्टात लागते. मोबाइलवर बारीक आकारातही जोडाक्षरं गिचमिड होत नाहीत. सोबत लॅटिन अक्षरं आहेतच, त्यामुळे मराठी-इंग्रजी ओळी एकमेकींशी भांडत नाहीत. फक्त सगळी वजनं साइटवर चढवू नका, पान उगाच जड होतं. तीन पुरतात.

‘बालू २’ गुबगुबीत, खेळकर. प्रवेशद्वारावरच्या फलकावर झकास दिसला, पण फर्निचरच्या दालनावर लावला तर थेट बालवाडी! शिवाय ओळींमधली त्याची उंची मोठी, त्यामुळे बटणातला मजकूर मधोमध बसवताना सीएसएसशी (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडशी) बरीच झटापट.

दोन्हींना ओपन फॉन्ट लायसन्स आहे. भिंतीवरच्या व्हिनाइलपासून टी-शर्टपर्यंत कुठेही वापरा, वेगळी फी नाही.