ब्राउझर फास्ट करून घेतला, २९,९९० रुपयांना

सांगलीच्या विश्रामबागेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आधी मारुती चौकात होतं. २०१९ च्या पुरात कॉम्प्युटरसकट सगळं भिजलं, मग इकडं आलो आणि चार जीबी रॅमचा एक जुना पीसी घेतला. जूनमध्ये ॲडमिशनची झुंबड उडते. कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला सातबारा, कुणाला कॉलेजचा फॉर्म, आणि माझा फायरफॉक्स ब्राउझर वीस-पंचवीस टॅब पोटात घेऊन धापा टाकत बसायचा.

गिऱ्हाईक समोर उभं असताना 'ब्राउझर तिप्पट फास्ट' असं लिहिलेलं एक फुकटचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप, टाकलं. टाकताना त्यानं सगळ्या वेबसाइटवरचा डेटा बघायची परवानगी मागितली. दिली. पाठोपाठ एक पान उघडलं, त्यानं नोटिफिकेशन पाठवू का विचारलं. तेही दिलं. (बँकेचा फॉर्म मी तीनदा वाचतो, पण इथं अंगठा उठवून मोकळा.) दोन दिवसांत ब्राउझर आणखीच रखडला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट यायला लागली: तुमचा ब्राउझर धोक्यात आहे, ताबडतोब फोन करा. रोग आणि वैद्य एकाच दारातून आत आले होते, हे मला नंतर उमगलं.

फोन केला. हिंदीत बोलणारा, अतिशय गोड माणूस. "सर, टेन्शन मत लीजिए." त्यानं आधी स्क्रीन लांबून चालवता येते ते ॲप टाकायला लावलं. मग विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे पीसीची नोंदवही, उघडून त्यातल्या लाल खुणांची रांग दाखवली. शेकड्यांनी होत्या. माझ्या पोटात गोळा आला. त्या खुणा धडधाकट पीसीवरही असतात, कुठली तरी सेवा एकदा उशिरा सुरू झाली तरी तिथं नोंद पडते, हे मला कुठं ठाऊक?

नंतर ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:कॉन्फिग' टाइप करून फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जचं पान उघडलं. जपून पुढं जा, असा इशारा फायरफॉक्सनं दिला होता, तो त्यानं झटक्यात बाजूला सारला. 'नेटवर्क.एचटीटीपी.पाइपलायनिंग' असं काहीतरी लिहून 'ट्रू' केलं, एका ठिकाणी ३० आकडा टाकला आणि म्हणाला, आता एकावेळी तीस रिक्वेस्ट जाणार. वर्षाच्या प्लॅनचे २,९९९ रुपये. दिले. जाता जाता त्यानं ते एक्स्टेन्शन बंद केलं असावं, कारण त्या दिवशी ब्राउझर खरंच पळाला. बायको म्हणाली, "अहो, एवढे पैसे?" मी तिलाच रॅम म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

खरा दणका पाच आठवड्यांनी बसला. त्याच माणसाचा फोन: कंपनी बंद होतेय, तुमचे २,९९९ परत करायचेत. पुन्हा ते ॲप चालू, पुन्हा स्क्रीन त्याच्या हातात. नेट बँकिंगला लॉगइन मीच केलं. मिनिटभर स्क्रीन काळी झाली, 'सिक्युअर लाइन जोड रहे हैं' म्हणाला. उजेड आला तर खात्यात २९,९९० जास्त! तो फोनवर रडकुंडीला आलेला. सर, एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल. जमा झाल्याचा मेसेज आला नाही, असं मी म्हटलंसुद्धा, तर म्हणे सर्व्हर डाऊन आहे. वरचे २६,९९१ मी स्वतःच्या हातानं, स्वतःचा पिन टाकून यूपीआयनं परत पाठवले. त्याची कीव आली होती हो मला!

संध्याकाळी पान रिफ्रेश केलं. जमा झालेली रक्कम गायब, पाठवलेली तेवढी वजा.

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारा भाचा रात्री आला. त्यानं बँकेचंच पान उघडलं, एफ १२ दाबलं आणि माझ्या शिलकीच्या जागी एक कोटी लिहून दाखवलं. "मामा, हे फक्त या स्क्रीनवर बदललंय. बँकेला याचा पत्ता नाही." वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी ब्राउझरमध्ये ही सोय असतेच. काळ्या स्क्रीनमागं एवढंच झालं होतं.

आणि ते पाइपलायनिंग? ती सोय फायरफॉक्सनं २०१७ मध्येच काढून टाकलीय. अबाउट:कॉन्फिगमध्ये कुठलंही नाव लिहून अधिकचं चिन्ह दाबलं की नोंद तयार होते. भाच्यानं 'सांगली.हळद' लिहिलं आणि 'ट्रू' केलं. तेही ठळक अक्षरांत झळकलं.

त्याआधी त्यानं नेटची वायर काढून ते लांबून चालवायचं ॲप उडवलं, आणि बँकेचा पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलायला लावला. मग 'अबाउट:सपोर्ट' मधून फायरफॉक्स रिफ्रेश केला, म्हणजे नव्यासारखा करून घेतला. बुकमार्क राहिले, एक्स्टेन्शनं गेली. नोटिफिकेशनच्या परवानग्याही त्यातच पुसल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी चार जीबी रॅम बसवली. आता वीस-पंचवीस टॅबला काम अडत नाही. कुठला टॅब जड झालाय ते 'अबाउट:प्रोसेसेस' मध्ये दिसतं, तो बंद करायचा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकली. तोवर पैसे पुढच्या दोन खात्यांत सरकले होते. ४,१०० तेवढे गोठवलेत, हातात अजून आलेले नाहीत. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळं परस्पर पैसे गेल्याच्या नियमात हे बसत नाही. २,९९९ आणि २६,९९१ यांची बेरीज करून बघा. स्क्रीनवर खोटे आले, बरोब्बर तेवढेच खरे गेले.

मॉनिटरच्या कडेला मोठ्या अक्षरांत १९३० लिहून चिकटवलंय. परवा एक आजोबा दाखल्याची झेरॉक्स काढायला आले, चष्मा वर करून म्हणाले, "ह्यो कशाचा रेट म्हणायचा?"