प्रश्नोत्तरांसाठी ऐकावी अशी व्याख्यानमाला: बीबीसीची रीथ व्याख्याने

समाजाच्या पुढच्या वाटचालीविषयी विद्वानांना बोलते करणारे कार्यक्रम आज उदंड झाले आहेत. पण त्यांपैकी बहुतेकांत पाहुण्याची ओळख होते, त्याच्या नव्या पुस्तकाचे कौतुक होते आणि त्याचा विचार मात्र पुरता हाती लागत नाही. बीबीसीच्या रीथ व्याख्यानांकडे मी वळले ते या अतृप्तीमुळेच. संस्थेचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेल्या या मालेचे पहिले वक्ते होते तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, आणि त्यांचा विषय होता सत्ता व व्यक्ती: समाज एकसंध राहण्यासाठी किती नियंत्रण लागते आणि माणसाच्या उपक्रमशीलतेला किती मोकळीक द्यावी लागते. हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

मालेची रचना साधी आहे. सहसा एकच अभ्यासक एक विषय घेतो आणि तो चार-पाच व्याख्यानांत टप्प्याटप्प्याने उलगडतो. अलीकडच्या वर्षांत ही व्याख्याने श्रोत्यांसमोर होतात आणि प्रत्येक व्याख्यानानंतर सभागृहातून प्रश्न येतात. ध्वनिमुद्रणे विनामूल्य ऐकता येतात आणि लेखी प्रतीही उपलब्ध आहेत.

माझ्या मते अलीकडची सर्वांत मोलाची माला २०२१ सालची, संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल यांची (पहिल्या वक्त्याशी असलेले नावाचे साम्य हा केवळ योगायोग). कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या या चार व्याख्यानांचा गाभा एका जुन्या कथेत सामावला आहे. हात लावीन ते सोने व्हावे असे मायडस राजाने मागितले. मागितले ते तंतोतंत मिळाले आणि त्याचे अन्नही सोन्याचे झाले. यंत्राला उद्दिष्ट पक्के ठरवून द्यायचे आणि ते त्याने कोणत्याही मार्गाने गाठायचे, ही आजची पद्धत रसेल यांना मुळातच चुकीची वाटते, कारण आपल्याला नेमके काय हवे आहे हे आपल्यालाच पूर्णपणे सांगता येत नाही. म्हणून माणसाच्या इच्छेविषयी यंत्राच्या मनात कायम थोडी शंका राहावी, म्हणजे ते विचारेल, थांबेल आणि स्वतःला बंदही करू देईल, असा त्यांचा आग्रह आहे. यंत्राला कधीतरी जाणीव येईल का, या लोकप्रिय प्रश्नात ते गुंतत नाहीत, आणि त्यामुळे सगळी चर्चा जमिनीवर राहते.

युद्धावरचे व्याख्यान ऐकताना मी दोनदा ध्वनिमुद्रण थांबवून वहीत टिपण केले. माणसाच्या देखरेखीविना स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांचा खरा धोका त्यांच्या संख्येत आहे, हा त्यातला मुद्दा. प्रत्येक शस्त्रामागे माणूस लागत नसेल, तर मूठभर लोक अगणित शस्त्रे सोडू शकतात. म्हणजे ही सामूहिक संहाराची शस्त्रेच झाली. अर्थव्यवस्थेवरच्या व्याख्यानातला विचार मात्र मला अधिक जिव्हाळ्याचा वाटला. पुढच्या शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल, अशी अपेक्षा अर्थतज्ज्ञ केन्सने १९३० साली मांडली होती. नेहमीची कामे यंत्रांकडे गेल्यावर माणसाने माणसासाठी करायची कामे उरतील, पण ती उत्तम कशी करावीत याचे शास्त्र आपण पुरेसे उभारलेलेच नाही, हे रसेल यांचे निरीक्षण शिकवणाऱ्या आणि शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे आहे.

तरीही या मालेचे खरे वैभव मला प्रश्नोत्तरांत दिसते. व्याख्यान लिहून आणलेले असते. त्यातल्या प्रत्येक वाक्यावरून हात फिरलेला असतो. प्रश्न आला की वक्त्याची वाक्ये आखूड होतात, तो क्षणभर थांबतो आणि आपला सिद्धान्त कुठवर ताणता येतो हे त्याला तिथल्या तिथे ठरवावे लागते. प्रश्नकर्त्यांत त्याच क्षेत्रातले जाणकार असतात आणि सामान्य श्रोतेही. रसेल यांच्या मालेत सूत्रसंचालक अनिता आनंद उत्तर मोघम राहिले की तोच प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारतात, आणि त्याचा फार उपयोग होतो.

उणिवा आहेत. वक्त्याच्या तोडीच्या प्रतिपक्षाला बरोबरीचा वेळ मिळत नाही. प्रश्न कितीही धारदार असला तरी शेवटचा शब्द बहुधा वक्त्याचाच राहतो. २०२२ साली अभिव्यक्ती, उपासना, अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती या चार स्वातंत्र्यांवर चार वेगळे वक्ते बोलले. कादंबरीकार चिमामांडा न्गोझी अदिची आणि कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स यांच्यासारखी मंडळी असूनही, एका बुद्धीने एक विचार शेवटपर्यंत नेण्याचे जे समाधान इतर वर्षी मिळते, ते तिथे मला मिळाले नाही. शिवाय सगळे इंग्रजीत असल्याने तात्त्विक भाग एका ऐकण्यात निसटतो. त्यासाठी लेखी प्रत समोर ठेवावी. मी आता तसेच करते.

नव्या श्रोत्याने २००२ सालच्या, तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांच्या, विश्वास या विषयावरच्या मालेपासून सुरुवात करावी. संस्थांवरचा विश्वास उडाला म्हणून तपासण्या, अहवाल आणि पारदर्शकतेचे नियम वाढवत नेले, की प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचेच हात बांधले जातात, असे त्या सांगतात. सरसकट विश्वास वाढवण्यापेक्षा तो कुणावर ठेवावा आणि कुणावर ठेवू नये हे ओळखता येणे त्यांना महत्त्वाचे वाटते. ही माला ऐकून मग स्टुअर्ट रसेल यांच्याकडे यावे, म्हणजे यंत्रावर भरवसा ठेवण्याविषयी ते जे बोलतात त्याचे मोजमाप हाताशी असेल.