विंडोजच्या परवानगीच्या चौकटीवर किती भिस्त ठेवावी? डीटीपीच्या दुकानातला अनुभव

आमचं डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सगळ्या मशीनवर विंडोज 11, दोन ऑपरेटर आणि दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह. लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीचा अहवाल, कॉलेजचे प्रोजेक्ट त्यातून येतात आणि त्यांच्यासोबत व्हायरसही येतो. गेल्या दिवाळीनंतर विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपली तेव्हा ती वाढवली नाही. विंडोजमध्ये जे मुळातच दिलेलं आहे, त्यावर दुकान चालतं का ते पाहायचं ठरवलं: डिफेंडर (विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस), स्मार्टस्क्रीन (नेटवरून उतरवलेल्या अनोळखी फाइलवर निळा पडदा दाखवून सावध करणारी), आणि स्क्रीन अंधारून ‘या ॲपला बदल करू द्यायचे का’ विचारणारी यूएसी. लग्नसराई आणि ॲडमिशन, आमचे दोन्ही हंगाम यात पार पडले. म्हणून आता लिहितो आहे.

यूएसी आली व्हिस्टाबरोबर, 2007 मध्ये. तेव्हा ती इतक्या वेळा विचारायची, की लोकांनी कंटाळून बंदच करून टाकली. म्हणून 2009 च्या विंडोज 7 मध्ये तिचं विचारणं कमी केलं: विंडोजचे स्वतःचे ठरावीक प्रोग्राम चौकट न दाखवताच ॲडमिनचे, म्हणजे सगळ्या मशीनमध्ये बदल करण्याचे, अधिकार घेऊ लागले. मालवेअरला, म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रामना, नेमकी तीच वाट सापडली. फॉडहेल्पर नावाचा विंडोजचाच एक छोटा प्रोग्राम आहे. तो सुरू होताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, अशा एका जागी पाहतो, जिथे साध्या अधिकारातही लिहिता येतं. तिथे आपली कमांड ठेवली की ती थेट ॲडमिन म्हणून चालायची, आणि चौकट दिसायचीच नाही. ही युक्ती 2017 मध्येच जाहीर झाली आणि तिच्यासारख्या आणखी कितीतरी आहेत. ॲडमिन अकाउंटवरची यूएसी ही पक्की सुरक्षा-सीमा नाही, असं मायक्रोसॉफ्टचंही म्हणणं आहे. कॉम्प्युटर विकत आणल्यावर जे पहिलं अकाउंट बनतं ते ॲडमिनचंच असतं. बहुतेक घरांत आणि दुकानांत तेच वर्षानुवर्षं वापरलं जातं, हे इथे लक्षात घ्या.

म्हणून मी पहिल्याच दिवशी दोन्ही ऑपरेटरना स्टँडर्ड, म्हणजे ॲडमिनचे अधिकार नसलेलं साधं, अकाउंट करून दिलं. ॲडमिन अकाउंट वेगळं ठेवलं आणि त्याच्या यूएसीची पट्टी सगळ्यात वर, ‘ऑलवेज नोटिफाय’वर नेली. स्टँडर्ड अकाउंटमध्ये चौकट ‘येस की नो’ विचारत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागते. फॉडहेल्परसारख्या युक्त्याही तिथे चालत नाहीत, कारण गुपचूप वाढवून घ्यायला त्या अकाउंटकडे अधिकारच नसतात. एवढा बदल केल्याशिवाय यूएसीबद्दल चांगलं-वाईट काही बोलण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

सुरुवातीचे काही आठवडे मात्र फाँटनी वैताग आणला. गिऱ्हाईक स्वतःचा फाँट घेऊन येतं. फाइलवर डबलक्लिक करून इन्स्टॉल केलं की तो फक्त त्याच युजरच्या खात्यात बसतो आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरला तिथला फाँट दिसत नाही. मग राइटक्लिक करा, ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ घ्या, की आली पासवर्डची चौकट. समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, मी झेरॉक्सच्या मशीनवर, आणि आतून हाक, “दादा, पासवर्ड!” शेवटी एका रविवारी बसून नेहमी लागणारे सगळे मराठी फाँट सर्वांसाठी टाकून घेतले, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर मार्गी लावले. त्यानंतर चौकट क्वचितच येऊ लागली. क्वचित येते म्हणूनच आता ती आली की दोघी ऑपरेटर मुली थांबून वाचतात.

याचा उपयोग एका दुपारी झाला. फॉर्मसाठी फोटो लहान करायचा होता. ऑपरेटरने सर्चमध्ये वर दिसलेल्या जाहिरातीतून एक टूल उतरवलं. जरा वेळाने पिवळ्या पट्टीची चौकट आली, ‘पब्लिशर: अननोन’. तिने मला बोलावलं. ‘शो मोअर डिटेल्स’ उघडलं, तर फाइलचा पत्ता तिच्या खात्यातल्या टेंप (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरचा. म्हणजे उतरवलेलं टूल तिच्या खात्यात आधीच चालून गेलं होतं, आणि त्याने मागून सोडलेला दुसरा प्रोग्राम आता ॲडमिनचे अधिकार मागत होता. ‘नो’ केलं, नेट काढलं, डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं आणि तिच्या ब्राउझरमधले सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले.

पासवर्ड का बदलले, तर यूएसी राखते ती विंडोज. ब्राउझरमधले पासवर्ड, लॉगिन चालू ठेवणाऱ्या छोट्या नोंदी म्हणजे कुकीज, डॉक्युमेंट्समधली कामं हे सगळं युजरच्याच खात्यात असतं आणि ते वाचायला ॲडमिन व्हावं लागत नाही. लुमासारखे माहिती चोरणारे मालवेअर त्यावरच जगतात. मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि तपास यंत्रणांनी लुमाची सुमारे 2,300 डोमेन ताब्यात घेतली, इतका त्याचा पसारा होता. फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरलाही तुमच्या फाइली लॉक करायला कुणाची परवानगी लागत नाही. त्याला ॲडमिन लागतो तो विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, पुसायला. तिथे पासवर्डची चौकट खरंच आडवी येते. हा फायदा लहान नाही.

स्मार्टस्क्रीनने मात्र आमच्यासारख्या दुकानाची निराशा केली. नेटवरून उतरवलेल्या फाइलवर ब्राउझर एक अदृश्य खूण ठेवतो, आणि ती खूण असेल तरच निळा पडदा येतो. ही खूण एनटीएफएस नावाच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवरच टिकते, विंडोजची आतली डिस्क तशीच असते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतींचे असतात, त्यामुळे फाइल त्यावर कॉपी होताच खूण गळून पडते. गिऱ्हाइकाने घरी काय उतरवलं ते आमच्या मशीनला कळतच नाही. एक्सेलच्या मॅक्रोचंही, म्हणजे फाइलच्या आत लपलेल्या छोट्या प्रोग्रामचंही, तसंच. नेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिस 2022 पासून थेट अडवतं, पण तीच फाइल पेनड्राइव्हवरून आली की पिवळी पट्टी आणि ‘एनेबल कंटेंट’चं बटण समोर हजर. शिवाय निळ्या पडद्यावरही ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ आहेच.

आणि ‘मी रोबो नाही’च्या खोट्या पानांपुढे तर या चौकटी गप्पच राहतात. पान सांगतं, विंडोज आणि आर दाबा (त्याने कमांड चालवायची ‘रन’ची चौकट उघडते), मग कंट्रोल व्ही, मग एंटर. माणूस स्वतःच्या हाताने कमांड चालवतो आणि ती ॲडमिन मागत नाही. ना यूएसी येते ना निळा पडदा. यावर उपाय म्हणून ऑपरेटरच्या खात्यात ग्रुप पॉलिसीने, म्हणजे विंडोजमधल्या नियम लावायच्या सोयीने, ‘रन’ बंद केलं आहे. विंडोज प्रो आवृत्तीत ते जमतं.

आमचं काम सर्वांत जास्त निभावलं ते काही न विचारणाऱ्या भागाने. पेनड्राइव्हमधल्या फोल्डरच्या जागी दिसणारे शॉर्टकट व्हायरस डिफेंडरने उघडायच्या आत उचलले, परत परत. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ मुळात बंद असतं, ते मुद्दाम चालू केलं. ओळखीचा नसलेला प्रोग्राम डॉक्युमेंट्समध्ये लिहू लागला की ते आधी अडवतं आणि मग सांगतं. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरलाही त्याने अडवलं. त्याला यादीत घालून सूट दिल्यावर पुन्हा त्रास झाला नाही.

तेव्हा माझा कौल असा: स्टँडर्ड अकाउंट, पासवर्ड एकाच माणसाकडे आणि डिफेंडर पूर्ण चालू असेल, तर छोट्या दुकानाला विकतचं अँटिव्हायरस घ्यायची गरज मला दिसली नाही. ॲडमिन अकाउंटवर बसून ‘येस’ दाबत राहायचं असेल, तर त्या चौकटीचा भरवसा धरू नका. सूचनापत्रकात ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं सॉफ्टवेअर आता मी दुकानात घेतच नाही, मग ते कितीही कामाचं असो. कामाच्या फाइलींची प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्डडिस्कवर जाते आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो. दुकानाचं नेट बँकिंग पेनड्राइव्ह लागणाऱ्या मशीनवरून पूर्ण काढून घेतलं आहे, ते आता घरच्या लॅपटॉपवरूनच होतं.