एआरटी केंद्र : समजावणे उत्तम, तपासण्यांत ढिलाई

कोकण किनाऱ्यावरील एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील उपचार केंद्रातून, मी गेली आठ वर्षे औषध घेत आहे. पुढे तक्रारही असल्याने गावाचे नाव देत नाही.

टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची रोजची एक गोळी मला कधी कमी पडली नाही. तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम मिळतात, त्यामुळे एसटीचे हेलपाटेही वाचतात.

या केंद्राचे खरे मोल समुपदेशक ताईंच्या टेबलापाशी कळते. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या मोजणीच्या, अहवालात ‘विषाणू आढळला नाही’ असे प्रथम आले, तेव्हा आता गोळी थांबवू का, असे मी विचारले. त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या सड्याकडे बोट केले. “मे महिन्यात त्या कातळावर काही दिसतं का? पहिले पाऊस होऊ देत, सगळा हिरवा होतो. बी तिथंच असतं.” मग केसपेपरच्या मागे पेशीचे चित्र काढून त्यांनी सांगितले, की हा विषाणू काही सीडी४ पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएमध्येच स्वतःची प्रत घालून ठेवतो आणि अशी पेशी निजलेली असेतोवर ती ना औषधाला सापडते, ना शरीराच्या संरक्षक पेशींना, गोळी फक्त नव्या पेशींना होणारी लागण रोखते. हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात, म्हणजे संपायला सत्तरहून अधिक वर्षे. गोळी सोडली, तर बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परततो.

दुसरी गोष्ट मला अधिक नवी होती. संसर्गाच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात, अस्तर झिरपू लागते आणि जिवाणूंचे अंश रक्तात उतरतात. त्यामुळे विषाणू दबलेला असतानाही प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहते, आणि ही धग हृदयविकाराचा धोका वाढवते. पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरील गोळीने एचआयव्हीग्रस्तांमधील हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले.

इथेच माझी तक्रार सुरू होते. एवढे समजावणाऱ्या केंद्राने आठ वर्षांत माझे कोलेस्टेरॉल दोनदाच तपासले, तेही मी मागितले म्हणून. रक्तदाबासाठी तर वेगळ्या ओपीडीची रांग धरावी लागते, आणि ती धरली की दुपारची गाडी चुकलीच.

दुसरी तक्रार नावाची. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली असताना इथे औषधाच्या खिडकीवरून आडनावासह पुकारा होई, आणि आमच्याकडे आडनाव ऐकले की वाडी ओळखली जाते. मागच्या खेपेस मात्र टोकन क्रमांक पुकारले गेले. पुढच्या तारखेलाही तसेच झाले, तर हा परिच्छेद मी काढून टाकीन. कोलेस्टेरॉलचा तेवढा राहील.